पिकअपचा मागचा भाग खाली घेताना : पाटे, ब्रेक आणि शाफ्ट यांचे एकत्र गणित

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात, चोपडा-शिरपूरकडच्या कपाशीच्या शिवारात किंवा शहादा-तळोद्याच्या रस्त्यांवर धावणाऱ्या मालवाहू पिकअप मागून नीट पाहिल्या, तर त्यांपैकी बऱ्याच गाड्यांचा हौदा कंपनीने ठेवलेल्या उंचीपेक्षा वर उचललेला दिसतो. नवी गाडी शोरूममधून निघाली की थेट पाटेवाल्याकडे न्यायची आणि मागच्या दोन्ही बाजूंना एकेक, कधी दोन-दोन जादा पाटे (मागचा भार पेलणाऱ्या लीफ स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या) टाकून घ्यायचे, ही पद्धत या भागात इतकी रुळली आहे की मूळ उंची किती होती याचा पुढच्या मालकाला पत्ताही नसतो. जादा पाटा टाकताना हेतू स्पष्ट असतो : माल भरल्यावर गाडी मागे बसू नये.

पुढे गाडीचे काम बदलते. जी गाडी कापसाच्या मोटा किंवा सिमेंट वाहत होती, तिच्यात आता केळीचे क्रेट, दुधाचे कॅन किंवा ठिबकच्या नळ्यांची वेटोळी जातात. ही वेटोळी हौदा भरून दिसतात, पण त्यांचे वजन फारसे नसते. अशा हलक्या मालाखाली कडक पाटे दबतच नाहीत, गाडी प्रत्येक खड्ड्याला मागून उसळते आणि त्याचा मार थेट मालाला बसतो. केळीला असा मार बसला की तो लगेच दिसत नाही, पिकवणीनंतर सालीवर काळा डाग होऊन उमटतो आणि भाव तिथे तुटतो. शिवाय हौदा उंच असल्याने प्रत्येक क्रेट हमालाला छातीच्या वर उचलावा लागतो, ही अडचणही दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

अशा वेळी मालक मिस्त्रीकडे जातो आणि मिस्त्रीचे उत्तर ठरलेले असते : “एक पाटा काढी टाकूत भाऊ, बसी जाई गाडी.” गाडी बसते हे खरेच आहे. मात्र मागची उंची हा एकट्या पाट्यांचा प्रश्न नसून ब्रेकची झडप, प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सची ताकद मागच्या एक्सलला नेणाऱ्या दांड्याचा) कोन, बंप रबरची (गाडी पूर्ण बसल्यावर एक्सल ज्याला टेकतो त्या रबराची) मोकळीक आणि दिव्यांचा झोत या साऱ्या गोष्टी त्याच उंचीला बांधलेल्या असतात. त्यामुळे उंची बदलली की त्याही बदलतात आणि त्या पुन्हा लावून घेतल्याशिवाय काम पूर्ण झाले असे म्हणता येत नाही. पुढील विवेचन बोलेरो पिकअप, टाटा योद्धा यांसारख्या, मागे पाटे आणि अखंड एक्सल असलेल्या दीड-दोन टन वर्गातील गाड्या समोर ठेवून केले आहे.

किती खाली घ्यायचे हे आधी ठरवावे

पिकअप रिकामी उभी असताना मागून थोडी वर असणे हा दोष नव्हे. भरल्यावर ती सपाट यावी म्हणूनच कंपनीने तिला तशी ठेवलेली असते. रिकामी गाडी दिसायला सपाट करून घेतली, तर एक टन माल चढताच ती मागे झुकते, पुढच्या चाकांवरचे वजन कमी होते, स्टिअरिंग हलके पडते आणि दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात. म्हणून नेहमी जेवढा माल वाहायचा आहे, तेवढा भरल्यावर चेसिस जवळपास सपाट यावी, हे उद्दिष्ट धरावे. ज्याला केवळ दिसण्यासाठी गाडी खाली हवी आहे, त्याने मालवाहू गाडीच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोजमाप सपाट काँक्रीटवर, चारही टायरमध्ये योग्य हवा भरून करावे. जमिनीपासून हौद्यापर्यंतचे अंतर मोजण्याची सवय सोडून द्यावी, कारण टायरची हवा आणि झीज त्यात मिसळते. चाकाच्या मध्यापासून सरळ वर हौद्याच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजून लिहून ठेवावे. त्याच वेळी मागच्या एक्सलपासून बंप रबरपर्यंतची मोकळी जागा, तसेच चेसिसची पुढच्या चाकामागची आणि मागच्या चाकापुढची उंचीही नोंदवावी. हीच सर्व मापे नेहमीचा माल भरून पुन्हा घ्यावीत. रिकाम्या मापापेक्षा हे भरलेले माप अधिक महत्त्वाचे आहे आणि नेमके तेच घेण्याचा कंटाळा केला जातो.

वजनाचा अंदाज बांधू नये. खानदेशात जिनिंगच्या आवारात आणि बाजार समितीजवळ वजनकाटे जागोजागी आहेत. तेथे भरलेल्या गाडीचे एकूण वजन करावे, आणि काटेवाल्याला विनंती करून पुढची चाके काट्याबाहेर व मागची चाके काट्यावर ठेवून मागच्या एक्सलवरचे वजन वेगळे काढावे. काट्याचे तळ आणि बाहेरचा रस्ता एका पातळीत नसेल तर हे दुसरे वजन चुकते, म्हणून सपाट काटा निवडावा. आलेले आकडे आरसीवरील आणि कंपनीच्या पट्टीवरील एकूण वजनाशी व एक्सलच्या वजनमर्यादेशी ताडून पाहावेत. मागचा एक्सल मर्यादेच्या वर जात असेल, तर पाटे काढण्याचा विचार तेथेच थांबवून आधी माल कमी करावा. मर्यादेपेक्षा जास्त माल वाहिल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे. जादा पाटा टाकल्याने गाडीची कायदेशीर भारक्षमता एक किलोनेही वाढत नाही, हेही या निमित्ताने लक्षात ठेवावे.

कायद्याचा दुसरा मुद्दा बदलाबाबतचा आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा बदलासाठी शिक्षेची तरतूदही झाली आहे. बाहेरून टाकलेले जादा पाटे काढून गाडी मूळ स्थितीत आणणे आणि मूळ उंचीच्याही खाली नेणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत अडचण नाही. दुसरीसाठी जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या परिवहन कार्यालयात आधी विचारणा करावी आणि विमा कंपनीलाही कळवावे. या लेखाचा भर पहिल्या प्रकारावर आहे.

पाट्यांचा सेट वाचायला शिकणे

गाडीखाली वाकून सर्वप्रथम एक गोष्ट पाहावी : पाटे एक्सलच्या वर बसले आहेत की खाली लटकले आहेत. पाटे एक्सलच्या वर असतील, तर एक्सल आणि पाटा यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा टाकल्यास गाडी उचलली जाते, आणि असा ठोकळा कोणी आधी टाकलेला असेल तर तो काढल्यास गाडी तेवढीच खाली येते. पाटे एक्सलच्या खाली असतील तर हिशेब उलटा होतो आणि ठोकळा टाकल्याने गाडी खाली येते. हा फरक न पाहता बाजारातून ठोकळे आणणारे लोक आहेत, म्हणून तो येथे सांगावा लागतो. पाटे वर असलेल्या गाडीत सर्वांत खाली टाकलेला जादा पाटा दोन प्रकारे उंची वाढवतो, एक स्वतःच्या जाडीने आणि दुसरे आपल्या ताकदीने. पाटे खाली असलेल्या गाडीत केवळ ताकदीचा परिणाम उरतो.

त्यानंतर पाटे मोजावेत आणि कंपनीच्या पुस्तकातील किंवा अधिकृत पार्टच्या दुकानातील यादीशी ताडावेत. दोन्ही टोकांना गोल वळवलेले कान असलेला सर्वांत लांब तो मेन पाटा. त्याच्या खाली क्रमाने लहान होत जाणारे पाटे असतात, आणि काही गाड्यांत सर्वांत खाली जाड, जवळजवळ सरळ असा हेल्पर पाटा असतो, जो माल भरल्यावरच कामाला लागतो. बाहेरून टाकलेला पाटा ओळखणे फारसे अवघड नाही. त्याची रुंदी किंवा जाडी बाकीच्यांशी जुळत नाही, टोके गॅसने कापल्यासारखी ओबडधोबड असतात, त्याची कमान शेजारच्या पाट्याला टेकत नाही आणि टोकाजवळ फट दिसते. बऱ्याचदा तो एखाद्या ट्रकच्या जुन्या पाट्यातून कापून काढलेला असतो. हेल्पर पाट्यालाच जादा पाटा समजून काढून टाकण्याचा प्रकार मात्र टाळावा, कारण मालासाठी कंपनीने दिलेला खरा आधार तोच असतो.

कोणता पाटा काढल्यास काय होईल, हे समजण्यासाठी एक नियम पुरेसा आहे. पाट्याचा कडकपणा त्याच्या रुंदीच्या प्रमाणात वाढतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ८ मिलिमीटरचा घन ५१२ येतो आणि १० मिलिमीटरचा १,०००. म्हणजे लांबी-रुंदी सारखी असेल, तर १० मिलिमीटरचा एक पाटा ८ मिलिमीटरच्या जवळजवळ दोन पाट्यांइतका कडक असतो. म्हणून “एकच तर पाटा काढला” या बोलण्याला अर्थ नसून, काढलेल्या पाट्याची जाडी व्हर्नियरने मोजल्याशिवाय परिणामाचा अंदाज बांधता येत नाही. दोन जादा पाटे असतील, तर दोन्ही बाजूंचा एकेक काढून, गाडी भरून, मोजून मगच दुसऱ्याचा निर्णय घ्यावा.

मूळ पाटे अनेक वर्षांच्या भाराने बसून गेले असतील, तर जादा पाटा काढताच गाडी मूळ उंचीच्याही खाली जाते. तसे झाले तर जुन्यात नवा पाटा घालून भागवण्यापेक्षा कंपनीचा पूर्ण सेट दोन्ही बाजूंना बदलणे हाच सरळ मार्ग होय. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला जुना सेट टाकला की गाडी कलते.

पाटा गॅसने तापवून त्याची कमान उतरवणे, पाटा मधूनच कापणे किंवा वेल्डिंग करणे यांतील काहीही करू देऊ नये. पाट्याचे पोलाद तापवून तेलात विझवलेले आणि मग ठरावीक तापमानाला पुन्हा तापवून लवचिक केलेले असते. गॅसच्या ज्योतीने एका जागी लाल झाले की तेथील पाणी, म्हणजे पोलादाला दिलेला कडकपणा, उतरते आणि पुढे तो पाटा त्याच रेषेवर बसतो किंवा तुटतो. एक्सल उचलून पाट्याच्या वर नेण्याचा जो प्रकार काही ठिकाणी हौसेने केला जातो, त्याने गाडी पाच-सहा इंचांनी खाली येते, पण चेसिसला खाच पाडावी लागते. मालवाहू गाडीत तो मुळीच करू नये.

तयारी

काम काँक्रीटच्या पक्क्या फरशीवर करावे. काळ्या मातीच्या अंगणात, विशेषतः पाऊस पडून गेल्यावर, जॅक आणि घोडी (उचललेली गाडी टेकवून ठेवण्याचा लोखंडी स्टँड) दोन्ही हळूहळू रुततात आणि गाडी केव्हा सरकेल ते सांगता येत नाही. एप्रिल-मे महिन्यांत भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा वेळी उन्हात उभ्या गाडीचे लोखंड हाताला सोसत नाही, म्हणून सकाळी लवकर सुरुवात करणे किंवा शेडमध्ये काम करणे बरे.

साहित्यात दोन बॉटल किंवा ट्रॉली जॅक, गाडीच्या वजनाला पुरतील अशा दोन घोड्या, चाकांना लावण्यासाठी लाकडी ठोकळे, मोठे सॉकेट व लांब दांडा, टॉर्क पाना (नट ठरावीक जोरानेच कसण्याचा पाना), दोन भक्कम सी-क्लॅम्प, तारेचा ब्रश, गंज सोडवणारे तेल आणि कोन मोजण्याचे साधन एवढे हवे. सुटे भाग म्हणून नवे यू-बोल्ट (पाट्यांचा सेट एक्सलला आवळून धरणारे यू आकाराचे बोल्ट), नवे नट आणि नवा सेंटर बोल्ट (पाट्यांना मधल्या छिद्रातून एकत्र धरणारा बोल्ट) आधीच आणून ठेवावेत. जुने यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत, कारण एकदा पूर्ण ताणलेला बोल्ट दुसऱ्यांदा तीच पकड देईल याची खात्री नसते.

यू-बोल्टच्या लांबीकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. जादा पाटा काढल्यावर सेटची जाडी तेवढी कमी होते, आणि जादा पाट्यासाठी आणलेल्या लांब यू-बोल्टवर नट खाली येता येता आटे संपतात. नट आट्यांच्या शेवटी अडकतो, पाना घट्ट लागतो, टॉर्क पानाही खटकन आवाज देतो, पण पाटे मात्र दाबलेच जात नाहीत. अशी गाडी काही दिवसांत सेंटर बोल्ट तोडते आणि एक्सल जागचा सरकतो. म्हणून नव्या जाडीनुसारच यू-बोल्ट घ्यावेत. पूर्ण घट्ट केल्यावर नटाच्या बाहेर थोडे आटे दिसावेत आणि नटाच्या आतही काही आटे शिल्लक असावेत.

आदल्या रात्री यू-बोल्टच्या नटांवर, शॉकअपच्या खालच्या बोल्टवर आणि शॅकलवर (पाट्याचे टोक चेसिसला जोडणाऱ्या झुलत्या कडीवर) तेल सोडून ठेवावे. धुळीने आणि चिखलाने भरलेले आटे आधी ब्रशने साफ केल्यास दुसऱ्या दिवशीचे निम्मे कष्ट वाचतात.

गाडी उचलणे आणि सेट उतरवणे

हौदा पूर्ण रिकामा करावा. गाडी गिअरमध्ये ठेवून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत. मागची चाके उचलली की हँडब्रेकचा उपयोग राहत नाही, म्हणून सारी भिस्त या ठोकळ्यांवर असते. चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत. मग एक्सलखाली जॅक लावून मागचा भाग उचलावा आणि पाट्याच्या पुढच्या कानाच्या पुढे, चेसिसच्या भक्कम जागी दोन्ही बाजूंना घोड्या द्याव्यात. घोड्यांवर वजन गेल्यानंतर गाडीला बाजूने एकदा जोराने हलवून पाहावे. हालली तर पुन्हा मांडणी करावी, गाडीखाली शिरू नये. एक्सलखाली मात्र दोन्ही बाजूंना जॅक तसेच ठेवावेत, कारण पुढे एक्सल हळूहळू वर-खाली करायचा आहे.

एक्सल खाली सोडण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. ब्रेकचा रबरी होज ताणला जात नाही ना, हँडब्रेकची केबल अडकत नाही ना, आणि ब्रेकच्या झडपेला एक्सलशी जोडणारी काडी वाकत नाही ना. ही काडी सोडण्यापूर्वी ती कोणत्या छिद्रात आणि किती आट्यांवर बसली होती, याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. त्यानंतर शॉकअपचा खालचा बोल्ट काढावा.

काम एका वेळी एकाच बाजूचे करावे, म्हणजे दुसऱ्या बाजूचा सेट एक्सलला जागेवर धरून ठेवतो. एक्सल जॅकवर घेऊन पाट्यावरचा ताण मोकळा केल्यानंतर यू-बोल्टचे चारही नट आळीपाळीने सैल करावेत. एक नट पूर्ण काढून दुसऱ्याकडे जाऊ नये. यू-बोल्ट निघाल्यावर एक्सल थोडा खाली घेऊन सेट मोकळा करावा. कानांत बसवलेले रबरी बुश चांगले असतील आणि सेट जागेवरच खोलता येत असेल, तर पिना काढण्याची गरज नाही. तरीही सेट बाहेर काढून टेबलावर खोलणे मला अधिक पसंत आहे, कारण चिरा खरोखर तेथेच दिसतात.

सेट खोलताना या साऱ्या कामातील सर्वांत धोक्याची घटका येते. सेटमधील प्रत्येक पाट्याची कमान वेगवेगळी असते आणि सेंटर बोल्टने त्या सर्वांना दाबून एकत्र धरलेले असते. बोल्टचा नट नुसता पान्याने फिरवून काढला, तर शेवटच्या आट्यावर पाटे उंदराच्या सापळ्यासारखे झटक्याने सुटतात आणि बोटे किंवा चेहरा मध्ये असेल तर गंभीर इजा होते. म्हणून सेंटर बोल्टच्या दोन्ही बाजूंना सी-क्लॅम्प कसून लावावेत, मग नट काढावा आणि दोन्ही क्लॅम्प थोडे थोडे, सारखे सैल करत पाटे मोकळे करावेत. बाजूच्या पट्ट्या, म्हणजे क्लिपा, आधी उघडाव्या लागतात.

जादा पाटा बाजूला काढल्यावर उरलेले पाटे तारेच्या ब्रशने घासून उजेडात तपासावेत. चीर बहुधा मधल्या छिद्रापासून आडवी निघते किंवा खालच्या पाट्याचे टोक जेथे घासते तेथे दिसते. पाट्यावर रॉकेल पुसून, कोरडे करून, खडू फासला तर बारीक चिरेतून रॉकेल परत वर येऊन रेघ उमटते, ही जुनी युक्ती आजही उपयोगी आहे. चिरलेला पाटा परत बसवू नये. मूळ सेटमध्ये पाट्यांच्या टोकांना प्लास्टिकच्या चकत्या असतील आणि त्या झिजल्या असतील तर नव्या घालाव्यात. पाट्यांमध्ये चिकट ग्रीस भरून ठेवण्याची येथे सवय आहे, परंतु खानदेशातल्या कच्च्या रस्त्यांवरची धूळ त्या ग्रीसला चिकटून घासकागदाचे काम करते. कंपनीने ग्रीस सांगितले असेल तर ग्रॅफाइटचे, पातळ थराने लावावे.

परत बसवणे

पाटे मूळ क्रमाने रचून, सी-क्लॅम्पने दाबून, नवा सेंटर बोल्ट घालावा. बोल्ट जुन्याच व्यासाचा आणि त्याच ताकदीच्या दर्जाचा असावा, हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट चालत नाही. बोल्टचे गोल डोके एक्सलवरील बैठकीच्या छिद्रात पूर्ण बसले पाहिजे. ते अर्धवट बसून यू-बोल्ट कसले गेले, तर एक्सल तिरका बसतो आणि गाडी सरळ रस्त्यावर खेकड्यासारखी चालते. बसवून झाल्यावर चेसिसवरील एका ठरलेल्या बिंदूपासून एक्सलपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजून पाहावे.

यू-बोल्टचे नट कर्णरेषेत, तीन-चार टप्प्यांत कसावेत. शेवटचा टॉर्क कंपनीच्या पुस्तकात दिला असेल तोच द्यावा, दुसऱ्या मॉडेलचा आकडा वापरू नये. तो शेवटचा टॉर्क चाके जमिनीवर टेकून गाडीचे वजन पाट्यांवर आल्यानंतर द्यायचा असतो. कान आणि शॅकल यांच्या रबरी बुशांच्या बोल्टांचेही तेच. गाडी हवेत लटकत असताना हे बोल्ट कसले, तर बुश त्या स्थितीत पकडले जातात आणि गाडी खाली आल्यावर कायम पिळलेल्या अवस्थेत राहून लवकर फाटतात.

दुसरी बाजू अशाच प्रकारे पूर्ण करावी.

ब्रेकची झडप : जिच्याकडे कोणी पाहत नाही

अनेक पिकअपमध्ये चेसिसवर एक झडप असते आणि तिची काडी किंवा स्प्रिंग मागच्या एक्सलला जोडलेली असते. गॅरेजमध्ये तिला एलएसपीव्ही (लोड सेन्सिंग प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह) म्हणतात. चेसिस आणि एक्सल यांच्यातले अंतर कमी झाले की झडप समजते की माल भरला आहे, आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब देते. अंतर वाढले की ती गाडी रिकामी समजते आणि मागचा दाब कमी करते, जेणेकरून रिकाम्या गाडीची मागची चाके लॉक होऊन गाडी आडवी जाऊ नये.

जादा पाटे टाकलेल्या गाडीत काय होते ते आता स्पष्ट होईल. हौद्यात दीड टन माल आहे, पण कडक पाट्यांमुळे गाडी बसतच नाही, त्यामुळे झडपेच्या दृष्टीने ती रिकामीच असते. सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो, कन्नडचा घाट किंवा पळासनेरच्या पुढचा बिजासन घाट उतरताना पुढचे ब्रेक तापतात, आणि मालक लायनर बदलत राहतो. उलट, मूळ उंचीच्या खाली नेलेल्या गाडीत झडप रिकाम्या गाडीलाही भरलेली समजते. अशा गाडीला पहिल्या पावसाच्या निसरड्या डांबरावर जोराचा ब्रेक लावला, की मागची चाके आधी लॉक होतात आणि गाडीचा मागचा भाग बाजूला फिरतो. या दोन्हींत दुसरा दोष अधिक घातक आहे.

यात आणखी एक गुंता असतो. जादा पाटे टाकल्यावर एखाद्या जाणत्या मिस्त्रीने झडपेची काडी नव्या उंचीनुसार लावून दिलेली असू शकते. आता पाटे काढल्यावर ती काडी तशीच ठेवली, तर गाडी मूळ उंचीवर असूनही झडप चुकीची चालेल. म्हणून उंची बदलली की झडप कंपनीच्या पद्धतीने पुन्हा लावून घेणे अनिवार्य समजावे. ही जुळणी रिकाम्या गाडीच्या ठरावीक वजनावर काडीची किंवा स्प्रिंगची लांबी मोजून, आणि काही मॉडेलमध्ये पुढच्या-मागच्या ब्रेकलाइनला दाबमापक लावून केली जाते. दाबमापक नसलेल्या गॅरेजात नुसत्या नजरेने ती करू नये. काडी काढून टाकणे किंवा तारेने बांधून ठेवणे हा प्रकार तर कोणत्याही परिस्थितीत मान्य होण्यासारखा नाही.

शाफ्टचा कोन

मागचा एक्सल चेसिसच्या जवळ आला की प्रोपेलर शाफ्टचा उतार बदलतो. गिअरबॉक्सच्या बाजूचा क्रॉस (शाफ्टला कोनात फिरू देणारा सांधा) आणि डिफरन्शिअलच्या, म्हणजे मागच्या एक्सलच्या मधल्या गिअरपेटीच्या, बाजूचा क्रॉस यांचे कार्यकोन एकमेकांपासून साधारण १ अंशाच्या आत असावेत, अन्यथा शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात थरथरतो आणि क्रॉस लवकर जातात. शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर मधल्या बेअरिंगची बैठकही तपासावी. मोबाइलवरील पातळीचे ॲप सपाट लोखंडी पट्टीला टेकवून गिअरबॉक्सचा फ्लँज, शाफ्टची नळी आणि डिफरन्शिअलचा फ्लँज यांचे कोन मोजता येतात. गाडी त्या वेळी स्वतःच्या चाकांवर उभी असली पाहिजे. जादा पाटे टाकताना कोणी एक्सल आणि पाटा यांच्यात पाचर टाकून कोन सुधारला असेल, तर आता ती पाचरच बिघाड करते आणि काढावी लागते. गाडी केवळ मूळ उंचीवर आणली असेल, तर हा प्रश्न बहुधा येत नाही.

शॉकअप, बंप रबर आणि दिवे

उंच केलेल्या गाडीत लांब शॉकअप बसवले असतील, तर ते आता पूर्ण दबून तळाला आपटतील, म्हणून मूळ लांबीचे परत घालावेत. बंप रबरखाली कोणी ठोकळा घातला असेल तर तो काढावा, परंतु मूळ रबर कापून मोकळी जागा वाढवू नये. हौद्याखाली अडकवलेली स्टेपनी शेताचा बांध किंवा गतिरोधक ओलांडताना घासत नाही ना, तेही एकदा पाहावे. दिव्यांचा झोत मागचा भाग खाली आल्याने वर जातो. रात्री सपाट जागेवर भिंतीसमोर गाडी उभी करून, नेहमीच्या मालासह, झोत खाली घ्यावा.

भरून पाहणे

पहिली फेरी रिकाम्या गाडीने, गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर, कमी वेगात करावी. ताशी २०-३० किलोमीटर वेगात, मागेपुढे कोणी नसताना ब्रेक लावून मागची चाके पुढच्यांआधी घसरत नाहीत ना, एवढे मदतनिसाला बाहेर उभे करून पाहण्यास सांगावे. मागची चाके आधी लॉक होत असतील तर गाडी तशीच सर्व्हिस सेंटरला न्यावी. त्यानंतर वेग वाढवत शाफ्टची थरथर जाणवते का ते पाहावे. ठरावीक वेगाला येऊन जाणारी गुणगुण ही बहुधा कोनाची खूण असते, तर वेगाबरोबर सतत वाढत जाणारी थरथर चाकाच्या बॅलन्सिंगकडे बोट दाखवते.

मग निम्मा माल भरून, आणि नंतर नेहमीचा पूर्ण माल भरून सुरुवातीची सर्व मापे पुन्हा घ्यावीत. पूर्ण मालावर एक्सल आणि बंप रबर यांच्यात जागा उरलीच नाही, तर पाटा गरजेपेक्षा जास्त काढला गेला आहे असे समजून सेट बदलावा. मापे समाधानकारक असतील तर यू-बोल्टच्या नटांवर रंगाची रेघ मारून ठेवावी, म्हणजे नट हलला तर नजरेला कळते. साधारण १०० किलोमीटर चालल्यावर यू-बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने कसावेत, ५०० किलोमीटरनंतर आणखी एकदा, आणि त्यानंतर प्रत्येक सर्व्हिसिंगच्या वेळी ते तपासावेत. नवे पाटे पहिल्या काही आठवड्यांत थोडे बसतात. तेवढ्याने उंची बदलली असेल तर झडपेची जुळणी पुन्हा एकदा पाहून घ्यावी लागते, म्हणून पूर्ण सेट बदलला असल्यास झडपेची शेवटची जुळणी पाटे बसल्यानंतरच करून घेणे सोयीचे ठरते. मात्र तोवर गाडी पहिल्या जुळणीशिवाय रस्त्यावर आणू नये.